हीटर बंद

९ सप्टेंबर

चि. ठमीस,
दादाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गेल्या आठवड्यातच आलं. उत्तराला उशीर झाला, कारण चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हे वाचून तू लगेच फोन करशील, म्हणून आधीच सांगतो, करू नकोस. एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत बॉयलरपाशी काढल्यावर माझे कान आता शोभेपुरते उरलेत आणि त्यातला डावा तर शोभेलाही नाही. तू तिकडून ओरडतेस, मी भलतंच उत्तर देतो आणि तुझ्या दवाखान्यातले रोगी दातदुखी विसरून हसत बसतात. आपलं कागदावरच बरं.

तर झालं असं. मार्चमध्ये निवृत्त झालो आणि गाडी घेतली हे तुला माहीत आहेच. ती घरच्या प्लगवर चार्ज करायची. बॅटरी असेतो विजेवर चालते, बॅटरी संपली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू होतं. तुझ्या वहिनीचा दप्तरखाना घरापासून तेवीस किलोमीटर. तिला सोडून परत यायचं म्हणजे सेहेचाळीस, संध्याकाळी आणायला जायचं म्हणजे पुन्हा तेवढेच, मध्ये दुपारभर चार्जिंग. एप्रिलपासून मी एकूणएक खेप नुसत्या बॅटरीवर पुरी केली आहे, आणि वर सात-आठ किलोमीटर शिल्लक ठेवून. टाकी मार्चमध्ये भरली ती तश्शी. रोजचा आकडा मी वहीत टिपून ठेवतो. गिरणीत आमचे साहेब म्हणायचे, की हा माणूस वाफ चिमटीत धरतो. ते काही उगाच नाही.

आणि गेल्या मंगळवारी, बॅटरी काठोकाठ भरलेली असताना, फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच इंजिन सुरू! मला ऐकू आलं नाही, समोरच्या पडद्यावर दिसलं. हे बटण दाब, ते बटण दाब, बंद म्हणून होईना. तसाच वर्कशॉपमध्ये गेलो. मेकॅनिकने दोन-तीनदा पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, बिघाड काहीच नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं झालंय, ते खराब होऊ नये म्हणून गाडी ते आपणहून जाळते. म्हणजे बघ! मी पाच महिने एक थेंब सांडू दिला नाही, त्याचं बक्षीस काय, तर गाडीने माझ्या डोळ्यांदेखत तो जाळायचा. बॉयलरने माझा असा अपमान कधी केला नव्हता.

पावसाचा वेगळाच ताप. काचेवर आतून वाफ धरते. काच साफ करायचं बटण दाबलं की पुन्हा इंजिन चालू. म्हणून मी वहिनीच्या हातात एक फडकं देऊन ठेवलं आहे. मी चालवतो, ती पुसते. छान जमलंय. बाकी ठीक. माया आहे ती तशीच ठेव.

तुझा,
दादा


२१ सप्टेंबर

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की खुर्चीतल्या रोग्याला वाटलं मी त्याच्या दाढेला हसतेय. दादा, जगात लोक गाडी बिघडली म्हणून रडतात. न बिघडलेल्या गाडीवर चिडणारा तू पहिलाच. ती बिचारी तुला सांगतेय, की बाबा रे, माझ्यात इंजिनही आहे, त्याला अधूनमधून विचारत जा.

मला एक सांग, ते फडकं हातात धरून वहिनी काय म्हणाली? तुझ्या पत्रात किलोमीटर आहेत, पेट्रोल आहे, साहेबसुद्धा आहेत, आणि वहिनी म्हणजे नुसतं काच पुसणारं यंत्र. ती दिवसभर जुने कागद सांधते. जाता-येता तरी तिच्या हाताला विश्रांती दे. तिच्यासारख्या हातांची माणसं फार नाहीत. मी दाताची डॉक्टर असून सांगते, तिच्या निम्म्यानेही माझा हात स्थिर नाही.

वहिनीला सांग, पत्र लिही. आणि तू रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
ठमी


२६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद. वि. वि.

या पत्रात विनोद शोधू नकोस. मी त्या मनःस्थितीत नाही.

थंडी पडली आणि माझी सगळी मेहनत मातीत गेली. उन्हाळ्यात एका चार्जिंगवर चोपन्न किलोमीटर जात होती. ऑक्टोबरअखेर सत्तेचाळीस झाली. आज अडतीस! म्हणजे परतताना घर आठ किलोमीटर राहिलं की इंजिन सुरू. रोज. वाटेतला पूल आला की मी पडद्यावरचा आकडाच बघत राहतो. मेकॅनिकला विचारलं, तर म्हणतो, थंडीत सगळ्याच बॅटऱ्या आळसावतात. अरे, हे मला सांगतोस? थंडीत बॉयलरही जास्त कोळसा खातो. पण आम्ही म्हणून हात बांधून बसलो नाही. नळ्यांना जाड आच्छादन घातलं, फटी लिंपल्या, आणि कोळसा खाली आणला.

इथेही मी कसूर केलेली नाही. टायरमधली हवा गारठ्याने आकसते, ती दर रविवारी बघतो. पुढच्या जाळीला अर्ध्यापर्यंत पुठ्ठा लावला आहे, गार वारा आत शिरू नये म्हणून. साठच्या वर काटा नेत नाही. मागचे लोक हॉर्न वाजवतात म्हणे, त्याचा मला त्रास नाही. उतार आला की पाय उचलतो, म्हणजे गाडी स्वतःच थोडी वीज परत भरते. पण थंड बॅटरी तीही धड घेत नाही! देणाऱ्याचे हात आहेत, घेणारीच तोंड फिरवते.

राहिला हीटर. तो सगळ्यात अधाशी. लावला की अडतीसचे एकोणतीस होतात. तो मी बंद ठेवला आहे. तुझ्या वहिनीला चांगली जाड घोंगडी दिली, पायांवर घ्यायला. त्यात कसली आली गैरसोय? मी स्वतः तर तीही घेत नाही. फक्त एवढंच म्हटलं, की काचा बंद असताना बोलणं जरा कमी ठेव, श्वासाने काचेवर वाफ धरते. यात चुकीचं काय बोललो? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

तर शुक्रवारी सकाळी निम्म्या वाटेत तिने हाताने खूण करून गाडी थांबवायला लावली. मला वाटलं काही विसरलं. ती उतरली, घोंगडीची नीट घडी केली, सीटवर ठेवली, आणि समोरच्या थांब्यावर बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी काच खाली करून विचारलं, तर म्हणाली, की आता तुमचे अडतीस पुरतील. तेव्हापासून बसने जाते. घरात बोलते, जेवायला वाढते, सगळं आहे. गाडीत मात्र बसत नाही.

मी ही गाडी कोणासाठी चालवतो? मला कुठे जायचं असतं? करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, अशी गत झाली. तू तिला लिही. तुझं ती ऐकते.

दादा


५ डिसेंबर

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं. तीस वर्षं तुम्ही सांगताय, वन्सं म्हणू नका, अहो-जाहो करू नका, आणि तीस वर्षं माझी जीभ वळत नाही. आता या वयात तिला कशाला छळायचं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घोंगडीवरून कोणी बसमध्ये चढत नाही, वन्सं. वाफ धरते, बोलू नका, हे ऐकूनही मी चढले नसते. मला तर आधी हसूच आलं होतं.

दोन वर्षांपासून थंडीत माझी बोटं पांढरी पडतात. अगदी कागदासारखी, आणि मग बधिर. डॉक्टरांना दाखवलं. थंडीने बोटातल्या रक्तवाहिन्या आखडतात, हात गरम ठेवणं हेच औषध, असं त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी मी बसने जायची, बसमध्ये ऊब असते, त्यामुळे निभावलं. यंदा रोज पाऊण तास त्या गार डब्यात, त्यात हातात ओलं फडकं. दप्तरखान्यात पोचले की पहिला तासभर बोटं माझी नसतातच. मी काखेत हात घालून बसते, आणि शेजारच्या टेबलावरची विचारते, झोप झाली नाही का.

आमचं काम तुम्ही पाहिलेलं नाही. जुन्या नोंदवहीचं पान फाटलेलं असतं, त्यावर कांद्याच्या सालीसारखा पातळ कागद खळीने बसवायचा. बोटाला कागद कळावा लागतो. तेरा नोव्हेंबरला मी घाईने लवकर सुरू केलं. एका जन्मनोंदीच्या वहीचं पान उचलताना बोटाला कळलंच नाही की ते खालच्या पानाला चिकटलंय. ते उभं फाटलं. सहा माणसांची नावं मधोमध दुभंगली. शंभर वर्षं टिकलेलं पान, वन्सं, आणि ते माझ्या हातून गेलं. सत्तावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बाई चांगल्या आहेत, आमच्या प्रमुख. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की तुम्ही थोडे दिवस शिक्क्यांच्या टेबलावर बसा. तेव्हापासून मी आलेल्या कागदांवर तारखेचे शिक्के मारते. ते काम कोणालाही जमतं.

ह्यांना सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं. नोव्हेंबर लागला त्याच सुमाराला, गाडीत, मी म्हटलं की माझी बोटं फार गार पडतात. मी बसते त्या बाजूला ह्यांचा डावा कान. हे पडद्यावरचा आकडा बघत म्हणाले, टायर ना? आजच बघतो. आणि खरंच, घरी आल्यावर वाकून चारही टायर बघत बसले. मी पुन्हा नाही सांगितलं. एकदा सांगायला मला दोन आठवडे लागले होते. दुसऱ्यांदा ओरडून सांगायचं, ते माझ्याने झालं नाही.

पान फाटल्याचं तर ह्यांना ठाऊकच नाही. तुम्हीही सांगू नका. सांगितलंत तर ते माझ्या बोटांचीही वही घालतील, आज किती पांढरी, काल किती. तेवढं मात्र मला सोसवणार नाही.

तब्येतीला जपा. तुमचं माझ्यावर प्रेम आहे हे मला न सांगता कळतं, तरी लिहीत जा.

तुमची,
वहिनी


१२ डिसेंबर

दादा,

नमस्कार वगैरे नंतर. आधी हे वाच, बसून वाच.

वहिनीने मला सांगू नका म्हणून बजावलं आहे. मी सांगते आहे. तिचा राग मी सोसेन. चार दिवस तिचं पत्र टेबलाच्या खणात ठेवून काम केलं आणि परवा एका बाईची भलतीच दाढ ठोकून बघत बसले, म्हणून आता लिहिते.

तुझ्या त्या बंद हीटरच्या गाडीत तिची बोटं मरतात. खरीच. पांढरी पडतात आणि त्यांना काही कळत नाही. डॉक्टर म्हणाले आहेत हात गरम ठेवा. त्या बधिर बोटांनी तिच्या हातून दप्तरखान्यातलं एक जुनं पान फाटलं, आणि तिचं दुरुस्तीचं टेबल काढून घेतलं आहे. सत्तावीस वर्षांचा हात, दादा, आणि ती आज शिक्के मारते. तू रोज तिला दारापर्यंत सोडून यायचास आणि तुला हे माहीत नाही.

तिने तुला सांगितलं होतं. गाडीत. बोटं गार पडतात म्हणाली. तू टायर ऐकलंस.

कान गेले हा तुझा दोष नाही. पण कानाचं यंत्र घे म्हणून मी किती वर्षं सांगते आहे? तुझं उत्तर ठरलेलं, मला लागतं तेवढं ऐकू येतं. तुला काय लागतं ते तूच ठरवलंस, हाच घोळ आहे. माझ्याकडे असे रोगी रोज येतात. दुखत नाही, दुखत नाही म्हणतात आणि मग एक दिवस गाल सुजवून येतात. इथे गाल मात्र दुसऱ्याचा सुजलाय.

मला उत्तर लिहिण्याआधी तिच्याशी बोल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून ती बिचारी गप्प बसली. तू गप्प बसू नकोस.

ठमी


२० डिसेंबर

चि. ठमीस,
आ. वि. वि.

पत्र मिळालं.

मला कोणी काही सांगत नाही. ती तुला तीन पानं लिहिते आणि मी शेजारच्या खोलीत असतो. तू चार दिवस पत्र खणात ठेवतेस. तीस वर्षांच्या संसारात मी कोणाचं वाईट चिंतलं नाही आणि आता ठरलं काय, तर मी बायकोचे हात गोठवले. मेकॅनिकलाही हे आधीच माहीत होतं का, तेवढं विचारून घेतो.

तिच्याशी बोललो. ती म्हणाली, झालं गेलं, सोडून द्या. मी हात बघायला मागितले. तिने दाखवले नाहीत, भांडी घासायची आहेत म्हणाली.

मग वर्कशॉपमध्ये गेलो. कळलं ते असं, की गाडी प्लगला लावलेली असतानाच हीटर वीस मिनिटं आधी सुरू करता येतो. आतली ऊब भिंतीतल्या विजेवर होते, बॅटरीला धक्का नाही. शिवाय सीट गरम करायची सोय आहे, तिला हीटरच्या मानाने वीज नगण्य लागते. हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तक मी दोनदा वाचलं आहे. मी पेट्रोल कसं वाचवायचं तेवढंच वाचत होतो.

काल सकाळी गाडी गरम करून दारात उभी केली. तिने आत हात घालून पाहिला, म्हणाली, छान झालंय. आणि बसच्या थांब्याकडे निघून गेली. आता मी काय करायचं ते तूच सांग. सांगायची तुम्हा दोघींना हौस आहेच.

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सात जानेवारी.

दादा


२४ जानेवारी

प्रिय वन्सं,
नमस्कार.

तुमच्यावर मी महिनाभर रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. तुम्ही शब्द मोडलात. मी विश्वासाने लिहिलं आणि तुम्ही ते जसंच्या तसं ह्यांच्या पदरात ओतलंत. राग पुरता गेलेला नाही. पण आता जे झालंय ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही, आणि दुसरं सांगायला आहे कोण?

मी बसने जात राहिले. ह्यांनी गाडी गरम केली, क्षमा मागितली, नीट मागितली, तरी गेले. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. बसमध्ये खिडकीखालच्या जागेवर ऊब येते, कोणी बोलतं, कोणी बोलत नाही, आणि समोर कुठला आकडा नसतो. ह्यांनी एका दिवसात गाडी गरम केली म्हणून मी एका दिवसात विरघळायचं, हे मला पटेना.

तर नऊ जानेवारीला बसमध्ये मागे बसलेल्या एका बाईने मला विचारलं, की ती राखाडी गाडी रोज आपल्या मागे का असते हो? मी वळून पाहिलं. हे. नव्या यंत्राची तार कानामागे, दोन्ही हात चाकावर, आणि शेजारची सीट रिकामी. बस थांब्यावर थांबली की हेही मागे थांबायचे. बस निघाली की निघायचे. मी दप्तरखान्यापाशी उतरले, तर हे पलीकडच्या कडेला गाडी लावून बघत होते. मी आत गेल्यावर वळले आणि घरी गेले. संध्याकाळी पुन्हा तेच.

घरी आल्यावर मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाले, की तुला बसने जायचंय, जा. पण बस बंद पडली, नाही आली, तर तू गारठ्यात उभी राहशील. म्हणून गाडी मागे असते. हीटर चालू ठेवलाय, कधीही बसलीस तरी गरम असेल. मी म्हटलं, आणि पेट्रोल? त्यावर ह्यांनी पेपर उघडला.

वन्सं, नऊ दिवस! जो माणूस पिवळा दिवा लांबून दिसला की पाय उचलतो, तो रिकामी गाडी गरम करत, दर थांब्याला रखडत, बसच्या मागे रोज दोनदा जाऊन येत होता. मी हळूच ती ह्यांची वही उघडून पाहिली. नऊ जानेवारीपासून पुढे काहीच लिहिलेलं नाही. खाडाखोडसुद्धा नाही.

मला राग यायचा आणि भरूनही यायचं, आणि दोन्हींचा राग यायचा. बोलून होत नव्हतं. शेवटी बसच्या ड्रायव्हरनेच ते सोडवलं. मंगळवारी तो मोठ्याने म्हणाला, की आपली वरात निघाली, नवरदेव मागून येतोय. सगळी बस खो-खो हसली. मागची बाईही हसली. मी आजवर ह्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मी म्हणणं वेगळं. त्यांनी का हसायचं? त्यांना काय माहीत हा माणूस? मी उठले, पुढच्या थांब्यावर उतरले आणि मागे जाऊन गाडीत बसले. दार मुद्दाम जोराने आपटलं. ह्यांना ऐकू आलं. दचकले.

वाटेत मी बोलले. काच बंद होती, वाफ धरली, तरी बोलत राहिले. फाटलेलं पान, सहा नावं, शिक्के, सगळं सांगितलं. हे एकदाच म्हणाले, थांब, आणि गाडी कडेला घेतली, मग म्हणाले, आता सांग. काच साफ करायचं ते बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. बंद नाही केलं.

सगळं गोड झालं असं समजू नका. काल पुलापाशी ह्यांचा डोळा आकड्याकडे गेलाच. मी पाहिलं. त्यांनी पाहिलं की मी पाहिलं. आणि टेबल अजून मिळालेलं नाही.

तुम्ही शब्द मोडलात ते विसरणार नाही. पुन्हा मोडायची वेळ आली तर मला आधी विचारा.

तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार. खरोखरच साष्टांग, कारण चूक माझी आहे.

शब्द मोडला. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि मी पाळला असता. म्हणून नाही विचारलं. हे कारण झालं, सबब नव्हे. तुमचा राग डोक्यावर घेते. हवे तेवढे दिवस ठेवा.

वरातीचं वाचून मी हसले आणि मग डोळे पुसले. दादाने मला यातलं अक्षरही कळवलं नव्हतं. त्याने फक्त दोन ओळी धाडल्या होत्या, की कानाचं यंत्र बसलं, घड्याळ फार आवाज करतं.

हातांत लोकरीचे मोजे घालून टेबलावर बसता येईल का, बोटांची टोकं तेवढी उघडी? आमच्याकडे एक मदतनीस तसे घालते. मी एक जोड पाठवते आहे. रागात असलात तरी घाला. रागाचं आणि मोज्यांचं काही वैर नाही.

तुमचीच,
ठमी


१७ एप्रिल

चि. ठमीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहायला बसलो की काय लिहावं कळत नसे.

गाडीचं विचारशील म्हणून सांगतो. मार्चमध्ये पुन्हा सुधारली. एकदा बावन्न किलोमीटर गेली आणि मी खूष झालो, तोच ऊन तापायला लागलं. आता एसी. उन्हात उभी राहिली की आत पाऊल ठेववत नाही, एसी जोरात लावावा लागतो, आणि तोही चार-पाच किलोमीटर गिळतोच. थंडीत गारठा खातो, उन्हाळ्यात ऊन खातं. वर्षात जेमतेम दोन महिने ही गाडी माझं ऐकते. चिडतो मी अजूनही, खोटं कशाला सांगू. पुलापाशी इंजिन सुरू झालं की आता आवाजही येतो, म्हणजे त्रास दुप्पट. पण एसी, हीटर, काच, हा सगळा कारभार तुझ्या वहिनीच्या हातात आहे. हातांवरचा झोत तेवढा ती वळवून ठेवते, पण तिला गारवा जास्त लागतो. मी बोलत नाही. एकदा बोललो होतो, तर तिने थांबा आला का म्हणून बाहेर पाहिलं.

तिला टेबल मिळालं. ठमे, हे सांगायलाच पत्र लिहितो आहे. मार्चच्या शेवटी त्यांच्या बाईंनी तिला रद्दीतली दहा पानं सांधायला दिली, मग वीस, आणि निकालाच्या दिवशीच्या पोरासारखी मी घरी वाट बघत बसायचो, आज काय म्हणाल्या, आज काय म्हणाल्या. सोमवारी त्यांनी तिला तिच्या जागेवर बसवलं. पुढच्या थंडीत ती तासभर उशिरा सुरू करणार, तेवढं उशिरापर्यंत थांबणार, असं ठरलंय. तिने स्वतः मागून घेतलं. मी मध्ये तोंड घातलं नाही. घालणार होतो, तिने डोळे वटारले.

काल तिला आणायला लवकर पोचलो. सावलीतली जागा एका ट्रकने अडवली होती. उन्हात एसी लावून बसायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून आत गेलो. सत्तावीस वर्षांत मी त्या इमारतीच्या पायरीपलीकडे गेलेलो नव्हतो. लांबट खोली, उंच खिडक्या, आणि खळीचा कोवळा वास. ती खिडकीपाशी होती. मला खुणेनेच स्टुलावर बसायला सांगितलं आणि पुन्हा कामात गेली.

कुठल्याशा पाणीपुरवठ्याचा जुना नकाशा होता. कोपरा भुगा झालेला. ती चिमट्याने एकेक तुकडा उचलायची, उजेडात धरायची, कुठे बसतो ते पाहायची, न बसला तर तो परत ठेवायची. एक तुकडा नखाएवढा होता. त्याला तिने दहा मिनिटं घेतली. त्यावर तो पातळ कागद, त्यावर ब्रशने खळ, मग बोटाने दाबून थांबायचं. नुसतं थांबायचं. मला वाटलं आता उचलेल बोट, आता उचलेल. उचलत नव्हती. बोट गुलाबी होतं, ते मी पाहिलं.

मी पाऊण तास बसलो. एवढा वेळ मी बॉयलरसमोरही काही न करता कधी बसलो नसेन. आणि बसल्या बसल्या माझ्या मनात तो प्रश्न आला. तुला कळलंच असेल कुठला. ओठापर्यंत आला. मी तो गिळला. खरंच गिळला, पाणी प्यायलो वरून.

तिने मान वर केली नाही. बोट कागदावर तसंच ठेवून, हळूच म्हणाली, दिवसाला तीन पानं. थंडीत दोन.

तुझा,
दादा